ऑथर काका, कमिटर मी

एक सोपा प्रश्न. तुमच्या मशीनवर आत्ता जे सॉफ्टवेअर चालू आहे, त्यात नेमकं असतं काय?

आपलं कसं, आयकॉनवर डबल क्लिक केलं, विंडो उघडली, काम झालं, विषय संपला! पण आपल्यातले जे कोड लिहून पोट भरतात, त्यांना ठाऊक असतं, की आयकॉनमागची ती 'ईएक्सई' म्हणजे तळून ताटात आलेली चकली. ती खाता येते, मोजता येते, डब्यात भरून गावाला पाठवता येते. पण तिच्याकडे कितीही रोखून पाहिलं, तरी भाजणीत तांदूळ किती, डाळ किती, धणे किती हे काही कळत नाही. त्यासाठी आजीची वहीच लागते. सॉफ्टवेअरची ती वही म्हणजे सोर्स फायली. आणि गंमत अशी, की चकल्या सगळे जपून ठेवतात. वही कुठे आहे, हे कुणीच विचारत नाही. अगदी गरज पडेपर्यंत.

माझ्या मामावर ही गरज २०१७च्या जूनमध्ये आली. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार होता. मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्कचं. मोठ्या कंपनीतून कच्चा माल येतो, इथं टर्निंग होतं, मग प्लेटिंगला दुसरीकडे जातो, परत येतो, मोजून कंपनीत रवाना होतो. पार्टपेक्षा कागदच जास्त फिरतात! त्यातला मुख्य कागद म्हणजे चलन. भोसरी-चाकणमध्ये कुणालाही विचारा, तो त्याला 'सत्तावन्न एफ चार' म्हणेल. हा १९४४च्या केंद्रीय उत्पादन शुल्क नियमांमधला एक जुना नियम. नियम गेला, त्याच्या जागी दुसरे आले, पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

मामाची ही सगळी चलनं एका डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधून निघायची. ते कुठल्या मोठ्या कंपनीचं नव्हतं. एका काकांनी एकट्यानं लिहिलेलं होतं. हे काका आधी एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. नव्वदीच्या शेवटी व्हीआरएस घेतली, आलेल्या पैशांतून कॉम्प्युटर घेतला, क्लास लावला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर व्हिज्युअल बेसिक शिकले. आयुष्यभर हातानं चलनं लिहिली होती. मग पहिलं सॉफ्टवेअर कशाचं करणार? चलनाचंच! भोसरीतल्या अकरा वर्कशॉपनी ते घेतलं. काका दर वर्षी येऊन थोडे पैसे घ्यायचे, बदल करून द्यायचे, चहा प्यायचे आणि एम-एटीवरून परत जायचे. २०१५च्या दिवाळीत ते गेले. सॉफ्टवेअर चालत राहिलं, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. आता एकदम नवा टॅक्स, नवे कॉलम, नवे कोड... आणि विचारायला माणूस नाही.

"ते चऱ्होलीचे होते," मामा फोनवर म्हणाला. "तू चऱ्होलीतच राहतेस ना? जा की जरा."

दोन चऱ्होल्या

आता हे 'चऱ्होलीतच राहतेस ना' प्रकरण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कळेल. मी राहते टाउनशिपमध्ये. अकरावा मजला, क्लबहाउस, सिक्युरिटीला तीनदा सांगितल्याशिवाय आत न येणारा पिझ्झावाला. सकाळी कॅब, रात्री कॅब. १९९७ मध्ये चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि आमच्यासारखे ईएमआयवाले येऊन दाखल झाले. वर्षभर राहून मला गावाचं काय माहीत होतं? वाघेश्वराचं देऊळ, तेही कॅबच्या खिडकीतून. इंद्रायणीच्या अलीकडे चऱ्होली बुद्रुक आणि पलीकडे चऱ्होली खुर्द, एवढं भूगोलज्ञान. गावठाणात पाय ठेवला नव्हता.

त्या रविवारी ठेवला. काकूंचं घर सापडायला पाच मिनिटं लागली, कारण तिथं पत्त्यापेक्षा नाव चालतं. काकूंनी मला नखशिखान्त पाहिलं. "टॉवरमध्ये राहतीस होय? ये, बस." मग आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात टेबल, टेबलावर जुना सीपीयू आणि त्यावर क्रोशाचं झाकण. दोन वर्षं तो कुणी चालू केला नव्हता. "भंगारवाला दोनदा मागून गेला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, राहू दे. ह्यांचं सगळं त्यातच आहे."

चालू होईल का, याची धाकधूक होती. झाला! डी ड्राइव्हवर एक फोल्डर होतं. ते मी पेनड्राइव्हवर घेतलं. निघताना काकूंनी एकच प्रश्न विचारला. "त्यात ह्यांचं नाव आहे का गं कुठं?"

म्हटलं, बघून सांगते.

फायली बोलतात

व्हिज्युअल बेसिकचं सहावं व्हर्जन १९९८चं. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २००८ मध्ये त्याच्या डेव्हलपमेंट टूलचा सपोर्ट बंद केला. मात्र त्यात बनवलेले प्रोग्रॅम चालायला लागणारी मूळ रनटाइम फाइल आजही विंडोज ११ सोबत येते. म्हणजे बघा, ह्या भाषेत लिहिलेलं अजून चालतं, पण ती भाषा लिहायची साधनं कपाटात गेली. मी विंडोज एक्सपीचं एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं आणि प्रोजेक्ट उघडलं.

अशा प्रोजेक्टमध्ये काय काय असतं? सगळ्यात आधी 'व्हीबीपी' फाइल. ही चक्क नोटपॅडमध्ये उघडते. प्रोजेक्टमध्ये कोणकोण आहे याची यादी, जणू रेशनकार्डच. मग 'एफआरएम', म्हणजे स्क्रीनवर दिसणारे फॉर्म. कुठलं बटण कुठं, त्याची रुंदी किती आणि ते दाबल्यावर काय घडायचं, सगळं एकाच फाइलीत. फॉर्मवरची चित्रं आणि आयकॉन 'एफआरएक्स'मध्ये. सगळ्यांना लागणारी कामं 'बीएएस' मॉड्यूलमध्ये. काकांच्या प्रोजेक्टात २३ फॉर्म, ९ मॉड्यूल आणि ४ क्लास होते.

आणि एक 'व्हीबीडब्ल्यू'. ही फाइल कुणाच्या खिजगणतीत नसते. शेवटचं काम बंद करताना कुठली विंडो कुठं उघडी होती, एवढंच ती लक्षात ठेवते. मी प्रोजेक्ट उघडलं आणि काकांची खिडकी काकांनी ठेवली होती तिथंच उघडली. स्क्रीनच्या डाव्या बाजूला, थोडी तिरकी सरकलेली. त्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी कॉमेंट होती. १ ऑगस्टपासून एलबीटी बंद, हे काढायचं आहे.

अंगावर काटा आला. पिंपरी-चिंचवडमध्ये १ एप्रिल २०१३ला जकात जाऊन एलबीटी आला होता. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला तोही माफ झाला. काकांचं काम तिथं अर्ध्यात थांबलं होतं. 

मग मी एकेक फाइल वाचत गेले. ऑफिसात कोड रिव्ह्यू म्हणजे शिक्षा वाटते. हे मात्र रात्री दोनपर्यंत वाचलं. कारण त्यात नुसता कोड नव्हता, अख्खी भोसरी होती. जुना विक्रीकर होता, मग १ एप्रिल २००५ला आलेला व्हॅट होता, जकातीचा रकाना होता, त्यावर एलबीटीचा थर होता. शेतात विहीर खणताना मातीचे थर लागावेत ना, तसे हे टॅक्सचे थर!

डिलिव्हरीची तारीख काढणारं एक फंक्शन होतं. तारीख गुरुवारी आली तर ती शुक्रवारवर ढकलायची. का? कारण भोसरीची सुट्टी गुरुवारची. हे पुस्तकात मिळत नाही. एका ठिकाणी एकाच ग्राहकासाठी वेगळी अट होती. त्याच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये कागद सरकतो, वरून दोन ओळी सोडा. चलनाची प्रत्येक ओळ टाइप झाली की लगेच सेव्ह होत होती. शेजारी कॉमेंट होती, लाइट जाते. आणि हो, आमच्या पिढीनं ज्याची यथेच्छ टिंगल केली, ते 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'ही होतं. म्हणजे चूक झाली तरी दुर्लक्ष करा आणि पुढच्या ओळीवर जा. पण तेही फक्त छपाईच्या फाइलीत. हिशेबाच्या एकाही फाइलीत नव्हतं. प्रिंट बिघडला तर पुन्हा काढता येतो, मालाचा हिशेब चुकून चालत नाही, हे स्टोअर्सच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाची ओळ एका मॉड्यूलच्या डोक्यावर होती. एक आकडा, १८०. बाहेर पाठवलेला माल १८० दिवसांत परत आला पाहिजे, हा उत्पादन शुल्काचा नियम. त्या आकड्याशेजारी काकांनी लिहून ठेवलं होतं, हा बदलू नये, एक्साइजवाले विचारतात. जीएसटीमध्ये ही मुदत एक वर्षाची झाली. तो आकडा मी बदलला. पण काकांची ओळ पुसली नाही. तिच्याखाली माझी टाकली, तारखेसकट.

अक्षरांची खिचडी

एक अडचण मात्र भारी होती. फॉर्मवर मराठी दिसतच नव्हती. 'माल परत' असं जिथं असायला हवं, तिथं इंग्रजी अक्षरं आणि वेड्यावाकड्या चिन्हांची खिचडी. कारण सरळ आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण व्हीबीची जुनी बटणं आणि लेबलं युनिकोड जाणत नव्हती. त्या काळात मराठी म्हणजे खास फॉन्ट. आत इंग्रजी अक्षराचा कोड, वर चेहरा मराठी अक्षराचा. आपल्या पुण्यातच यावर केवढं काम झालंय. सी-डॅक इथलं, १९८८चं. 'श्री-लिपी'वाली मॉड्युलर इन्फोटेक इथलीच. पण फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि खालची खिचडी दिसते.

म्हणजे सोर्स फायली सगळ्या असूनही प्रोजेक्ट अपुरं होतं. फॉन्ट ही काही सोर्स फाइल नाही, पण ती नसली तर सॉफ्टवेअर मुकं. पुन्हा काकूंकडे गेले. त्यांच्या सीपीयूच्या फॉन्ट फोल्डरमध्ये तो सापडला. परत येऊन फॉर्म उघडला, तर 'माल परत', 'शिल्लक', 'खराब नग' सगळे जागच्या जागी! रीडमी फाइल नव्हती. ती मी लिहिली. त्यात पहिलीच ओळ फॉन्टची.

तसं पाहिलं, तर एकट्या माणसानं अख्खं सॉफ्टवेअर लिहिणं ही काही नवलाई नाही. अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं २०१३ मध्ये फोटोशॉपच्या १९९०च्या पहिल्या व्हर्जनचा सोर्स खुला केला. १७९ फायली, सुमारे १ लाख २८ हजार ओळी, आणि त्या मुख्यतः एकट्या थॉमस नोल यांनी लिहिलेल्या. तो सोर्स म्युझियममध्ये गेला. काकांचा क्रोशाच्या झाकणाखाली राहिला. फरक एवढाच, की एकाला जपायला संस्था होती.

आणि मूळ प्रत जपण्याची गोष्ट आमच्या शेजाऱ्यांना सांगायची गरज नाही. चऱ्होलीपासून आळंदी ती किती! ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. पुढची तीनेकशे वर्षं ती हातानं उतरवली गेली आणि दर प्रतीत काहीतरी बदलत गेलं. १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. आपल्या भाषेत सांगायचं, तर तीनशे वर्षांचे मर्ज कॉन्फ्लिक्ट त्यांनी सोडवले! वर ताकीदही दिली, की यात कुणी पदरच्या ओव्या घालू नयेत. दुसऱ्याच्या लिखाणात हात घालताना कुठं थांबायचं, हा प्रश्न आयटीच्या बराच आधीचा आहे.

हे आहे कुणाचं?

काम संपत आलं, तशी खरी भानगड पुढे आली. मामाच्या शेजारच्या वर्कशॉपवाल्यांना खबर लागली. "अरे वा, भाचीनं दुरुस्त केलं? मग आम्हालाही पेनड्राइव्हवर देऊन टाक!" एकजण तर म्हणाला, "काका गेले, आता विचारायचं कुणाला?"

प्रश्न वाजवी होता. म्हणून मी कायदा वाचला. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. १९८४च्या दुरुस्तीपासून कॉम्प्युटर प्रोग्रॅम त्यात साहित्यकृती म्हणून मोडतो. होय, कथा-कादंबरीच्या पंगतीत! आणि साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, वारसांकडे जातो. नोकरीत मालकासाठी लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. पण काका कुणाचे नोकर नव्हते. अकरा वर्कशॉपनी सॉफ्टवेअर वापरायचे पैसे दिले होते, सोर्सचे नाही. म्हणजे त्या २३ फॉर्म आणि ९ मॉड्यूलची मालकी काकूंची. २०७५ सालापर्यंत!

मी हे मामाला सांगितलं. मामा दहावी पास आहे, पण व्यवहार पक्का. त्यानं सगळ्यांना गुरुवारी वर्कशॉपवर चहाला बोलावलं.

"तुझा बाप गेला तेव्हा गाळ्याचं भाडं बंद केलंस का रे?" त्यानं त्या शेजाऱ्याला विचारलं.

"गाळा वेगळा."

"का? गाळा दिसतो म्हणून?"

यावर कुणी काही बोललं नाही. अकरापैकी सात जण दर वर्षी काकूंना पैसे द्यायला तयार झाले. दोघांनी तयार पॅकेज घेतलं, तो त्यांचा हक्क. दोघं जुनीच कॉपी वापरत राहिले. सगळे सुधारले असं काही झालं नाही, पण सात झाले.

मी पैसे घेतले नाहीत, असं मोठेपणानं सांगणार नव्हते, कारण मामानं दिवाळीला पाकीट दिलंच. काकूंनी मात्र पहिल्या वर्षीची रक्कम मोजली आणि विचारलं, "हे ह्यांच्या कामाचेच ना? दानधर्म नको मला." म्हटलं, "कामाचेच आहेत काकू. कायद्यानं तुमचे आहेत." तेव्हा त्यांनी ते पैसे देवापुढे ठेवले.

नावाचं काय?

काकूंचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यात होताच. त्यात ह्यांचं नाव आहे का?

नव्हतं. 'व्हीबीपी' फाइलीत कंपनीचं नाव लिहायची जागा असते. काकांनी ती रिकामी सोडली होती. 'अबाउट' फॉर्म नव्हताच. २३ फॉर्ममध्ये स्वतःसाठी चोविसावा करावा, असं त्या माणसाला वाटलं नसावं.

मग मी दोन गोष्टी केल्या. ती रिकामी जागा भरली. आता 'ईएक्सई'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या, की काकांचं नाव दिसतं. दुसरं म्हणजे सगळं फोल्डर गिटमध्ये टाकलं. गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्डनं लिहिलं. रोज वापरूनही त्यातली एक सोय आपल्या फारशी लक्षात येत नाही. गिट प्रत्येक नोंदीत दोन नावं ठेवतं. एक ऑथर, ज्यानं लिहिलं तो. दुसरा कमिटर, ज्यानं ते आणून ठेवलं तो. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात, म्हणून आपण पाहत नाही.

पहिल्या कमिटला मी ऑथर म्हणून काकांचं नाव घातलं आणि तारीख त्यांच्या शेवटच्या बदलाची. कमिटर मी. जीएसटीचे बदल दुसऱ्या कमिटपासून. काकूंना लॅपटॉपवर दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ती ओळ वाचली. "आधी ह्यांचं, मग तुझं," त्या म्हणाल्या. "बरोबर."

आज त्यातली तीन वर्कशॉप अजून हे सॉफ्टवेअर वापरतात, मामा धरून. बाकीचे हळूहळू दुसरीकडे गेले, आणि ते ठीकच आहे. कुठलंही सॉफ्टवेअर अमर नसतं. काकूंना तीन ठिकाणाहून पैसे येतात. फोल्डर त्यांच्या नातवाच्या मशीनवरही आहे. रीडमी वाचून त्यानं ते चालवून पाहिलंय, मला फोन न करता. ही माझी परीक्षा होती, आणि मी पास झाले असं समजते!

आता तुमच्याकडे वळते. आपल्या ऑफिसात याला 'बस फॅक्टर' असं गोंडस नाव आहे. म्हणजे किती माणसं एकदम नाहीशी झाली, तर प्रोजेक्ट ठप्प होईल? मामाच्या सॉफ्टवेअरचं उत्तर होतं एक. तुमच्या एक्सेलच्या मॅक्रोचं उत्तर काय आहे? बाबांच्या दुकानात कुणीतरी करून दिलेल्या बिलिंगच्या प्रोग्रॅमचं? सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबाचं? सोर्स कुणाकडे आहे, एकदा विचारून ठेवा. करून देणारा माणूस हयात असताना विचारा, आणि विचारायला जाताना त्याचे राहिलेले पैसेही न्या.

चऱ्होलीत जमिनीचे भाव काय झालेत ते तुम्ही जाहिरातीत वाचता. इथं माणूस गेला, की तेराव्यानंतर लगेच तलाठ्याकडे वारसनोंद होते, सातबाऱ्यावर नावं चढतात. गुंठाभर जागासुद्धा कुणी विसरत नाही. डी ड्राइव्हवरच्या फोल्डरला मात्र सातबारा नसतो. तो आपणच लिहायचा असतो.